चौथ्या आकड्यासाठी पुण्याच्या नाणी प्रदर्शनात

शुक्रवार

यावेळी पुण्याच्या नाणी प्रदर्शनाला निघताना डोक्यात एकच काम होतं, माझ्याकडच्या एका दुदांडी शिवराईवरचं साल पूर्ण वाचायचं. ज्यांना शिवराई फक्त ऐकून माहिती आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र पति, भोवती ठिपक्यांची गोल किनार, बास. आजूबाजूला सगळीकडं फारसी अक्षरांची नाणी चालत असताना हे सरळ आपल्या लिपीतलं नाणं. आणि ही छाप इतकी टिकली की पुढं पेशवाईत, त्यानंतर कंपनीच्या राज्यातही काही वर्षं ती पाडली जात होती, आणि बाजारात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालत होती. दुदांडी म्हणजे त्यातला उशिराचा प्रकार, अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असतात म्हणून दुदांडी.

माझ्याकडच्या नगावर छत्रपति च्या बाजूला कडेला १२३ एवढं स्वच्छ दिसतं आणि चौथा आकडा चकतीच्या बाहेर गेलाय. हे शिवराईत कायमचं आहे. हातानं तांब्याची चकती ठेवायची, वर ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा, ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा त्यामुळं एका नाण्यावर सगळा मजकूर जवळपास कधीच येत नाही. कुठं श्री कापलेला, कुठं ति अर्धा. हे साल फसली आहे, म्हणजे महसुलाच्या हिशोबासाठी वापरायचे ती कालगणना, पुण्याच्या टांकसाळीत कंपनीच्या काळात फसली सालाचे आकडे घालून नाणी पाडलीत, फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं. म्हणजे १२३ नंतर काहीही असलं तरी १८२० किंवा त्याच्या पुढचंच. पेशवाई संपली १८१८ ला. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं तरी पुण्यात शिव छत्रपति नावाचं नाणं पडत होतं, ही गोष्ट माझ्या तळहातावर आहे आणि ती नेमकी कुठल्या सालची हे मला माहीत नाही, हे काही सहन होण्यासारखं नव्हतं.

कराडहून सकाळची एसटी पकडली, साताऱ्याला चहा, खंबाटकी उतरेपर्यंत ऊन चढलं होतं. स्वारगेटला उतरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नळ स्टॉप, तिथून चालत. मेट्रो झाल्यापासून कर्वे रोडवर जायचं टेन्शन गेलं हे मात्र खरं, पूर्वी स्वारगेटवरून रिक्षात बसलं की प्रदर्शन उघडायच्या वेळेचा मेळच लागायचा नाही. मुक्काम मामेभावाकडं कोथरूडला होता पण बॅग तिकडं न टाकता तशीच पाठीवर घेऊन थेट हॉलमध्ये गेलो.

पहिला दिवस म्हणजे खरं तर डीलर लोकांचा दिवस असतो. अजून पब्लिक कमी असतं, टेबलं लागत असतात, आणि ते एकमेकांचा माल बघत फिरत असतात. हॉलमध्ये ओळीनं टेबलं, त्यावर पांढरी किंवा लाल कापडं, काचेचे ट्रे, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये पिना मारून ठेवलेली नाणी, प्रत्येक टेबलावर एक टेबललॅम्प, आणि त्या लॅम्पसाठी प्लग कुणाला मिळाला कुणाला नाही यावरून सकाळभर वादावादी. मला हा गोंधळ मनापासून आवडतो. नाशिक, सोलापूर, संगमनेर, नागपूर, हैदराबाद, इंदूर, सुरत, सगळीकडची माणसं, प्रत्येकाची बोली वेगळी आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या ट्रेमधलं काय आहे हे आधी बघायचं असतं.

मी सरळ संगमनेरच्या काकांचं टेबल गाठलं. त्यांच्याकडं शिवराई ट्रेमध्ये नसते, डब्यात असते. प्लास्टिकचा मोठा डबा, आत शेकड्यानं शिवराया, काळपट, हिरवट, काही नदीच्या वाळूत घासून गुळगुळीत झालेल्या. मी म्हटलं, काका, डबा बघू का? ते म्हणाले, बघ की, तुझ्यासाठीच आणलाय, फक्त कडेनं धर आणि बघून झालेल्या या ताटात टाक. बसायला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. मी फोनमध्ये माझ्या नाण्याचे फोटो काढून ठेवले होते, शिवाय मोठे करून प्रिंटही आणले होते, ते समोर ठेवले आणि एकेक नग भिंगाखाली घ्यायला सुरुवात केली.

काकांची निवड करायची पद्धत बघण्यासारखी आहे. ते आधी साल किंवा खूण बघतच नाहीत, ते छ बघतात. म्हणतात अक्षर कोरणारा माणूस ओळखायचा असेल तर छ बघायचा आणि श्री बघायचा, कारण त्यात वळणं जास्त, तिथंच हात कळतो. कुणाचा छ बारीक आणि उभा, कुणाचा बसका, कुणी श्री ची वेलांटी किनारीला नेऊन टेकवतो. त्यांनी माझा प्रिंट हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले हा छ मी बघितलाय, कुठं ते आठवत नाही, पण बघितलाय. मग बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता डब्यातली नाणी बाजूला काढत बसलो. त्या दिवशी त्या डब्यात माझा ठसा काही निघाला नाही. पण त्याच हातानं कोरलेले वाटावेत असे चार ठसे निघाले, साल वेगळं किंवा सालच नाही, ते मी घेऊन टाकले, काकांनी वजनाच्या भावात दिल्यासारखे दिले.

शिवराई स्वस्त आहे म्हणून लोक तिच्याकडं लक्ष देत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडं अजूनही मोडीच्या दुकानात तांब्याच्या भांड्यांबरोबर शिवराया येतात आणि वितळून जातात. एकटी झिजलेली शिवराई म्हणजे कुणाला अर्धी अक्षरं असलेला तांब्याचा तुकडा वाटेल, पण एकाच ठशाची दोनतीन नाणी शेजारी आली की एकीवर जे कापलंय ते दुसरीवर असतं, आणि सगळा ठसा जोडून उभा करता येतो. म्हणून मला झिजलेली, तुटकी, कोपरा गेलेली अशी सगळी हवी असतात. चांगल्या कंडिशनचं एकच नाणं घेऊन अल्बममध्ये लावणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांचा छंद त्यांना लखलाभ, पण ठसे जुळवायचे तर डब्यात हात घालावाच लागतो.

निघता निघता एका नाशिकच्या टेबलावर थांबलो ते क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या द्रम्मासाठी, म्हणजे नाण्यासाठी. विकत घ्यायचा विचार नव्हता पण हातात घेऊन बघू दिलं त्यांनी, त्याबद्दल आभार. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली छाप मारून घेतलेली. हे त्याच प्रकारचं. नहपानाचं नाक आणि ओठ स्पष्ट दिसतायत आणि बरोबर गालावर तीन कमानींचा डोंगर ठोकलाय. लॅम्पखाली नाणं जरा तिरकं केलं की आधी एक चेहरा दिसतो आणि मग त्याच्यावरून गेलेला दुसऱ्या राजाचा ठसा. जुनं नाणं वितळवायला वेळ घालवला नाही, सरळ वरून हातोडा. मी ते परत दिलं तेव्हा त्यांनी विचारलं घेता का, मी म्हटलं पुढं कधी तरी, ते म्हणाले अहो बघायला काय पैसे लागतात, बसा अजून.

शनिवार

शनिवारी गर्दी. दार उघडायच्या आधीच बाहेर रांग, त्यात आजोबा लोकांच्या हातात बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आईवडलांबरोबर आलेली पोरं, कॉलेजची पोरं, आणि पाकिटात ७८६ नंबरची नोट जपून आणलेली माणसं. यातल्या बऱ्याच जणांना कुणी तरी व्हिडिओ पाठवलेला असतो की वैष्णोदेवीचं नाणं किंवा ट्रॅक्टरवाली पाचाची नोट लाखाला जाते. एक बाई माझ्या शेजारच्या टेबलावर वैष्णोदेवीचं दहाचं नाणं घेऊन आल्या होत्या, रुमालात गुंडाळून. टेबलवाल्या दादांनी त्यांना खूप शांतपणे सांगितलं, ताई हे २०१२ चं आहे, हजारोंनी आहेत, जपून ठेवा पण याच्यासाठी कुणाला ऑनलाइन पैसे भरू नका. त्यांनी आधीच कुणाला तरी रजिस्ट्रेशन फी म्हणून पैसे पाठवले होते. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं, जुन्या नोटा नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कुणाकडून फी कमिशन घेत नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, तरी हे थांबत नाही. मला वाटतं प्रत्येक प्रदर्शनाच्या दारात हे मोठ्या अक्षरात लावलं पाहिजे.

पोरांचं बघून मात्र फार बरं वाटलं. नव्या नाण्यांच्या टेबलांवर नुसता कल्ला. टांकसाळीच्या खुणा शिकवत होता एक कॉलेजचा मुलगा, सालाच्या खाली बघ, हिऱ्यासारखी खूण असली तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, गोल ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता, आणि पोरं खिशातली नाणी काढून तपासत होती. दुसरीतिसरीतली एक मुलगी १९९९ चं दोन रुपयाचं महाराजांचं नाणं शोधत होती, तिला तेच हवं होतं, दुसरं कुठलंच नको, तिचे बाबा तिला १९६८ चं कमळाचं वीस पैशाचं दाखवतायत, नया पैसा दाखवतायत, ती मान हलवतेय. शेवटी एका टेबलावर मिळालं दहा रुपयाला. तिनं ते होल्डरमध्ये ठेवून द्यायला लावलं आणि होल्डरवर स्वतःच्या अक्षरात साल लिहिलं.

माझं काम दुपारपर्यंत पुढं सरकलं नाही. मधे अंकुशी रुपयांच्या एका टेबलावर रेंगाळलो. अंकुशी रुपया म्हणजे पुण्याचा, अंकुशाची खूण असलेला, मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं, आणि टांकसाळीचं नाव मुहियाबाद पुणे. मुहियाबाद हे औरंगजेबानं पुण्याला दिलेलं नाव. पेशव्यांनी त्याच नावानं चांदी पाडली. लोकांना हे खटकतं, पेशवे आणि बादशहाचं नाव? पण त्या काळात रुपया चालायचा तो सराफाच्या विश्वासावर, हिंदुस्थानभर ओळखीची छाप असली की बट्टा, म्हणजे नाणं बदलताना होणारी कपात, कमी लागायचा, आणि म्हणून चांदीवर बादशहा. तांबं मात्र गावातल्या बाजारातलं, भाजी, मीठ, तेल यांच्यासाठीचं, तिथं शिव छत्रपति. मला यात विसंगती दिसत नाही, उलट लोकांच्या रोजच्या हातात कुठलं नाव होतं ते दिसतं.

जेवण म्हणजे हॉलच्या बाहेर उभं राहून वडापाव आणि दोन कटिंग, कारण हॉल सोडून लांब जायची इच्छा नव्हती. आणि परत आत आल्यावर अगदी मागच्या भिंतीला लागलेल्या टेबलावर, जिथं नोटा, तिकिटं, काडेपेटीचे छाप, जुनी कुलपं असं सगळं होतं, तिथं एका ताटात सुटी तांब्याची नाणी पडली होती. कुठलंही घ्या चाळीस रुपये. ढब्बू पैसे, निजामाचे, ग्वाल्हेरचे, आणि मधे मधे शिवराया. मी उभ्या उभ्याच चाळायला लागलो. एका शिवराईवर छ दिसला आणि माझा हात थांबला. तोच छ. बसका, डावीकडची गाठ जरा जास्त फुगलेली.

आता नुसता छ सारखा दिसला म्हणजे ठसा तोच असं होत नाही, एकाच माणसानं दहा ठसे कोरले असतील. पण माझ्या नाण्यावर छ च्या डोक्यापासून किनारीकडं जाणारी एक बारीक उठावदार रेघ आहे. ही रेघ कोरलेली नसते, ठसा वापरून वापरून तडकतो, त्या तड्यात तांबं शिरतं आणि नाण्यावर रेघ उठते. दोन वेगळ्या ठशांना एकाच जागी एकाच वळणाचा तडा जाणं शक्यच नाही. ताटातली शिवराई मी खिडकीपाशी उजेडात नेली, भिंग लावलं, आणि छ च्या डोक्यावरून तडा निघालेला होता. माझ्या नाण्यावर तो अर्ध्यात थांबतो, इथं तो पार किनारीच्या ठिपक्यांत जाऊन पोचलाय. म्हणजे माझं नाणं आधी पडलं आणि हे नंतर, मधे ठसा आणखी फुटत गेला. दोनशे वर्षांपूर्वी एका दुपारी हातोडा मारणाऱ्याच्या लक्षात आलं असेल का की ठसा गेला, की संध्याकाळपर्यंत तसाच चालवला? चालवलाच असणार, काम भरपूर असणार.

आणि आकडे. १ गेलेला, २ अर्धा, ३ स्वच्छ, आणि त्यापुढं चौथ्या आकड्याचं वरचं वळण. फक्त वरचं. खाली चकती संपली. वरून गोल येऊन आत वळलेलं, म्हणजे २ किंवा ३, दोघांची सुरुवात सारखीच. १ नाही, कारण १ ला वर गाठ असते. दहा वर्षांतून दोन वर्षांवर आलो, चाळीस रुपयांत. टेबलवाल्यानं माझं तोंड बघून विचारलं काय मिळालं? मी त्यालाच दाखवलं सगळं, तडा, आकडा, फोटो, तो नोटांचा माणूस पण त्यानंही भिंग मागून घेतलं आणि नीट बघितलं, आणि मग टेबलाखालून अजून एक पिशवी काढली, हिच्यात पण बघा म्हणाला. त्यात काही नव्हतं, पण त्यानं ती काढली हे विसरणार नाही.

तिथंच एका तरुण पोराशी बोलणं झालं, त्यानं खिशातून शिवराई काढली, लखलखीत, नव्या तांब्याच्या तांब्यासारखी. चिंच आणि मीठ लावून घासली म्हणाला, आधी काळी होती. घरी आजीच्या देवघरात होती म्हणे. मी त्याला वाईट वाटेल असं काही बोललो नाही पण समजावून सांगितलं की तो काळा हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, तांब्यावर शेकडो वर्षांत बसलेला थर आहे, तो आतलं तांबं सांभाळतो, आणि आंबटानं घासलं की थराबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, बारीक तडे, ठिपके, आकडे सगळं जातं. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत घालायची, मऊ ब्रशनं हलकं, आणि लगेच कोरडं. तेवढंच. त्यानं विचारलं आता काय करू, म्हटलं काही करू नको, कागदाच्या पाकिटात ठेव, आपोआप गडद होत जाईल. देवघरातल्या शिवराया तर वर्षानुवर्षं चिंचेनं घासल्या जातात, त्यामागं भक्ती आहे, त्यांना काय बोलणार, पण संग्रहाला घेतलेली तरी घासू नये.

संध्याकाळी लिलाव होता. मी मागं उभा राहून ऐकला. सोन्याच्या मोहरा, होळकरांचे रुपये, १९११ चा तो पंचम जॉर्जचा रुपया ज्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारनं तो मागं घेतला, हे सगळं भराभर गेलं. शिवकालीन शिवराईचा एक लॉट आला, जाड, पूर्ण अक्षरं, पूर्ण किनार, वजनानंही भरलेली, साधारण ११ ते १३ ग्रॅमची असतात ती. बोली वर वर गेली आणि आख्खा हॉल शांत झाला. कुणी घेतली माहीत नाही, फोनवरून गेली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले चांगल्या घरी जावी म्हणजे झालं. मला पण तेच वाटत होतं.

रविवार

सकाळी नळ स्टॉपवरून मेट्रोनं मंगळवार पेठ, जुन्या बाजारात. रविवारचा बाजार असतो, बुधवारचाही असतो पण रविवारी गर्दी जास्त. अवजारं, मोटारी, घड्याळं, जुने कॅमेरे, पितळी दिवे आणि मधे मधे जमिनीवर कापड टाकून नाणी. इथं जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, होन दिसला की पुढं चला. पितळेचे होन ढिगानं आहेत, शिवकालीन म्हणून विकतात. खऱ्या होनाची नाणी इतकी थोडी आहेत की ती रस्त्यावर कापडावर येत नाहीत. शिवराईच्याही साच्यात ओतलेल्या नकला दिसल्या, कडेला जोडाची रेघ, अंगावर बारीक बारीक बुडबुड्यांची भोकं, आणि अक्षरं साबण झिजावा तशी गोलसर. हातोड्यानं पडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांची उतरण वेगळी दिसते, एकदा खरं नाणं भरपूर हाताळलं की बोटालाच कळतं. तासाभरात दोन खऱ्या झिजलेल्या शिवराया मिळाल्या, माझ्या ठशाच्या नव्हत्या, घेतल्या.

परत हॉलमध्ये आलो तर संगमनेरचे काका माझीच वाट बघत होते. म्हणाले तुला सांगत होतो ना तो छ बघितलाय, आठवलं. सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक आहेत, सर म्हणतात सगळे, त्यांच्या वहीत. सर विकायला बसत नाहीत, वही घेऊन फिरतात, आज आलेत. काकांनी मला हाताला धरूनच नेलं त्यांच्याकडं.

सरांच्या वह्या म्हणजे काय सांगू. प्रत्येक शिवराईचं पेन्सिलनं घासून घेतलेलं चित्र, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की उठाव कागदावर उतरतो तसं, आणि शेजारी बारीक अक्षरात वजन, कुठं मिळाली, कुणाकडून, काय वाचता येतं. फोटो एकही नाही. मी माझी दोन नाणी त्यांच्या पुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, नाण्याला डोळा लावला आणि म्हणाले, तडा. मग वही उलटत गेले आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथं चकती पार दुसऱ्या बाजूला सरकलेली होती, छ गेलेला, पण तड्याचा शेवटचा तुकडा किनारीत दिसत होता, आणि खाली ३ चा खालचा भाग, आणि त्याच्या शेजारी चौथ्या आकड्याचा खालचा भाग. दुसरं पोट आणि उजवीकडं ओढलेली शेपटी. दोन्ही आकडे खालून एकसारखे. तेहतीस.

१२३३. मिळवा ५९०, १८२३, आणि फसली साल मृगाला सुरू होतं म्हणून १८२३ च्या जूनपासून १८२४ च्या जूनपर्यंत. आम्ही तिघं तिथंच उभे राहून बोलत बसलो. पेशवाई जाऊन पाच वर्षं झालेली, पुण्यावर कंपनीचा अंमल, मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टन, साताऱ्याला प्रतापसिंह महाराज गादीवर, आणि पुण्यातल्या टांकसाळीत कारागीर छत्र पति कोरतोय. सर म्हणाले कंपनीला हौस नव्हती शिवाजी महाराजांची, पण दुसरं तांबं लोक घेईनात. मला वाटतं यातच सगळं आलं. राज्य बदललं तरी भाजीवालीनं कुठला पैसा घ्यायचा हे ती ठरवणार. १८३५ ला कंपनीनं सगळ्या मुलखात एकच रुपया आणला, तरीही शिवराई बाजारातून लगेच गेली नाही.

सरांनी आणखी एक दाखवलं जे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या दोन नाण्यांची छत्रपति ची बाजू एकाच ठशाची, पण श्री राजा शिव ची बाजू दोघांची वेगळी. म्हणजे एकाच वेळी खाली एक ठसा बसवलेला आणि वरचा बदललेला. हातोडा वरच्या ठशावर पडतो म्हणून तो लवकर जातो, खालचा जास्त टिकतो. तरीही आमचा खालचा तडकलाच. याचा अर्थ भरपूर नाणी पडली असणार, आणि ती कुठं ना कुठं डब्यांत, देवघरांत, गोधडीच्या गाठीत असणार.

त्यांच्याकडचा तो नग विकत मागायची माझी हिंमत नव्हती. त्यांनीच विचारलं, नातवासाठी भोकाचे पैसे हवेत, १९४३ ते १९४७ पूर्ण, आहेत का? कराडहून निघताना एक्स्ट्रा सेट बॅगेत टाकला होता अदलाबदलीसाठी, तो काढून दिला. सरांनी वहीतलं पान तसंच ठेवलं, पाकिटातून शिवराई काढून माझ्या हातावर ठेवली आणि वहीत माझ्या गावाचं नाव आणि तारीख लिहिली. म्हणाले नाणं तुमच्याकडं, चित्र माझ्याकडं, दोघांचंही काम होईल. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

संध्याकाळच्या एसटीत शिरवळ येईपर्यंत तिन्ही नाण्यांचे फोटो फोनमध्ये एकावर एक लावून छत्रपति चा आख्खा ठसा जुळवला, किनारीचे ठिपकेही जवळपास सगळे मोजता येतात आता. समोरचा ठसा मात्र अपुरा आहे, श्री आणि राजा मिळालेत पण शिव च्या खालचा भाग कुठल्याच नगावर नाही, तिथं एखादी खूण असू शकते, फूल किंवा चंद्र वगैरे. काकांच्या घरी अजून एक गोणपाटाची पिशवी आहे, दिवाळीनंतर ये म्हणालेत, जाणार आहे. तोवर कुणाकडं दुदांडी शिवराई असेल तर छ च्या डोक्यापासून किनारीपर्यंत तडा दिसतोय का तेवढं बघा, दिसला तर दोन्ही बाजूंचा फोटो उजेडात तिरका काढून मला पाठवा, आणि प्लीज ती धुऊ नका.